स्लग अपडेट: ‘न’ ठेवायचा आणि मात्रा पण

खान्देशी पदार्थ आणि अहिराणी शब्दांची जी साइट मी जँगोत (पायथन भाषेतली वेबसाइट बनवायची चौकट) बनवतोय तिचं या आठवड्याचं काम सांगतो. स्लग म्हणजे पानाच्या शीर्षकावरून बनणारा वेब-पत्त्यातला भाग. पानांचे पत्ते फार लांब होत होते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइटचं, लिंक कॉपी केली की त्याची टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं होतात, त्यात मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण सगळं वेगळं मोजतात, म्हणजे नुसतं ‘वांग्याचे’ लिहिलं तरी ८१. यावलच्या मावशीला व्हॉट्सॲपवर लिंक टाकली तर तिने ते टक्क्यांचं जंजाळ बघून उघडलीच नाही.

म्हणून ठरवलं, ‘आणि’, ‘किंवा’, ‘न’, ‘काय’ असले शब्द स्लगमधून गाळून टाकू. यादी केली, चालवली. ‘तेल न घालता भरीत’चं झालं ‘तेल-घालता-भरीत’. अर्थच उलटा! अहिराणीसाठी ‘हाई’ (हे) नि ‘शे’ (आहे) पण यादीत टाकले होते, तर ‘हाई काय शे?’ या पानाचा स्लग रिकामाच आला, कारण तिन्ही शब्द यादीतले.

आणि एवढं करून वाचतं किती? इंग्रजीत ऑफ, फॉर, द सुटे असतात, आपल्याकडे चा-ची-चे, साठी, मध्ये शब्दालाच चिकटलेले, ‘दिवाळीसाठी’ मधलं ‘साठी’ यादीला सापडतच नाही. जँगोच्या ॲडमिनमध्ये (साइट सांभाळायच्या तयार पानांत) पण पूर्वी इंग्रजी शब्दांची अशी यादी होती, नंतर त्यांनीच ती काढून टाकली. मी पण काढली.

खरा घोळ वेगळाच निघाला. स्लगिफायला (जँगोचं स्लग बनवणारं फंक्शन) युनिकोड, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरं, चालू ठेवलं तरी मात्रा उडतात, कारण पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) ‘कुठलंही अक्षर’ सांगणारी \डब्ल्यू ही खूण मात्रेला अक्षर धरतच नाही. भरीतचं ‘भरत’, वांग्याचेचं ‘वगयच’. हे मला फार लागलं, आपलं भरीत असं कोणी लिहिलेलं बघवत नाही. आता स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलंय, देवनागरीची पूर्ण रेंज चालू, फक्त पूर्णविरामाचा दंड वगळलाय.

लांबीसाठी सोपा उपाय केला: पत्त्यात आधी पानाचा नंबर, मग स्लग, आणि नुसत्या नंबरवर पण पान उघडतं. मावशीला तीच छोटी लिंक पाठवली, कळण्याच्या भाकरीचं पान तिने उघडलं. जुन्या पत्त्यांना ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावायचं बाकी आहे, ते रविवारी.