दम लवकर येतो, हाडांना वेळ द्या

साताऱ्यात पावसाळा लागला की यवतेश्वरच्या घाटात पळणारी माणसं वाढतात. पावसाळ्यातच, शेवटाकडे, हिल हाफ मॅरेथॉन असते. 2012 पासून ती होते आहे, 21 किलोमीटर आणि त्यात घाट. दरवर्षी कितीतरी जण जूनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पळायचे बूट विकत घेतात. यंदा त्यात माझी धाकटी जाऊही आहे. वय 43, दोन मुलं, दिवसभर बँकेत खुर्चीवर.

सुरुवातीला मैदानाची एक फेरी झाली की तिला धाप लागायची. "ताई, माझं हृदयच कमजोर आहे," म्हणायची. तसं काही नसतं. पहिल्या दोनेक आठवड्यांतच शरीर रक्तातला द्रवभाग वाढवतं. हृदय जास्त भरतं, एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, आणि तेवढ्याच वेगाला कमी ठोक्यांत भागतं. घामही लवकर सुटायला लागतो, म्हणजे अंग तापायच्या आत थंड व्हायला सुरुवात होते. याच काळात हिमोग्लोबिन तपासलं तर आकडा किंचित खाली दिसू शकतो, कारण द्रव आधी वाढतो आणि तांबड्या पेशी मागाहून. पण आपल्या बायकांमध्ये खरा पंडुरोग इतका आहे, की "पळण्यामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

मग पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू बदलतात. त्यांच्यात केशवाहिन्या वाढतात, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात. जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवून दाखवलं होतं की स्नायूंची प्राणवायू वापरायची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. माणसात हा फरक काही आठवड्यांत जाणवतो. जाऊबाईंनाही जाणवला. एका सकाळी बोलत बोलत फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "ताई, आता काहीच वाटत नाही. उद्यापासून घाट चढूया का?"

मला भीती वाटते ती नेमकी याच दिवसांची. दम आलेला असतो, हुरूप असतो आणि हाडं अजून तयार नसतात.

पळताना दर पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हाड त्याला उत्तर देतं, पण त्याची रीत उलटी आहे. काही पेशी आधी जुनं हाड पोखरून काढतात, याला दोन-तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात, त्याला महिने लागतात. रस्ता नवा करायचा तर आधी उखडावा लागतो, तसंच. म्हणजे पळायला लागल्यावर महिना-दीड महिना नडगीचं हाड काही जागी आधीपेक्षा नाजूक असू शकतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला पाच किलोमीटरचे दहा करावेसे वाटतात.

टाचेमागची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर (अकिलीस टेंडन), तर आणखी सावकाश. तिला रक्तपुरवठा कमी. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-14 त्यांनी माणसांच्या या शिरेत मोजला; त्यावरून शीर कोणत्या वर्षांत बनली ते कळतं. निघालं असं, की शिरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ विचार करत बसले. जाऊबाईचं लहानपण वाईजवळच्या खेड्यात गेलं, शाळा लांब होती. आज ती ज्या शिरेवर पळते तिचा गाभा त्या पायपिटीच्या वर्षांतला आहे! सरावाने ही शीर ताठ होते, जास्त भार पेलते, पण त्याला कित्येक महिने द्यावे लागतात.

म्हणून आम्ही एक दिवसाआड पळतो, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, मध्ये चालत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की काही मोजक्या दणक्यांनंतर हाडाच्या पेशी प्रतिसाद देणं जवळजवळ थांबवतात आणि काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा देऊ लागतात. मधला दिवस वाया जात नाही तो असा. त्या दिवशी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, अगदी हळू.

गेल्या आठवड्यात तिची नडगी दुखली. कट्ट्यावर बसवून मी आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा दाबत नेला. वीतभर पट्टा हुळहुळत होता, एका ठरावीक जागी कळ नव्हती. अशा वेळी पळणं कमी करून, चालून बहुतेकदा भागतं. पण बोटाच्या टोकाएवढ्या जागीच जीवघेणं दुखत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशी बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं चालूच असेल तर एमआरआयबद्दल विचारा.

यंदा जाऊबाई घाटात पाणी वाटायला उभी राहणार आहे. नाव पुढच्या वर्षी नोंदवायचं ठरलंय.