सावलीची गाडी, ब्रिस्बेनचा फलाट

ब्रिस्बेनच्या उपनगरी मार्गांवर धावणाऱ्या सहा डब्यांच्या ७५ गाड्या आपल्या सावलीत बनल्या आहेत. होय, बडोद्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या सावलीत! कारखाना तेव्हा बॉम्बार्डियर या कंपनीचा होता, २०२१पासून अल्स्टॉम कंपनीचा आहे. यातली पहिली गाडी इथे ब्रिस्बेनला डिसेंबर २०१७मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली. मी इथे राहायला आले तेव्हापासून या गाड्यांचे फोटो काढते आहे, आणि दांडिया बाजारातल्या मामांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय गं, आपली गाडी दिसली का?"

मामांची चौकशी उगाच नाही. माझा मामेभाऊ त्या कारखान्यात डब्यांना दारं बसवायच्या कामावर होता. डबा सांगाड्यापासून उभा राहताना त्याने पाहिला, ट्रेलरवर चढून गेटाबाहेर पडतानाही पाहिला. पुढचं काहीच नाही. मी आधी त्याला पाठवत होते ते रेल्वेवेड्या लोकांचे नेहमीचे फोटो, गाडी वळणावर, गाडी पुलावर, मागे उंच इमारती. त्याने सगळे नीट पाहिले आणि म्हणाला, "ताई, फोटो मस्तच आहेत. पण दारातून कुणी चढताना-उतरताना काढ ना. मला ते बघायचंय."

तेव्हापासून माझा कॅमेरा फलाटाच्या मधोमध असतो. आणि मला आता मनापासून वाटतं की लोकलचा खरा फोटो तोच. नुसती गाडी कारखान्यातही दिसते. ती कुणाच्या कामी येते आहे, ते फलाटावरच दिसतं.

इथे फिरायला खर्च जवळपास नाहीच. ऑगस्ट २०२४पासून, विमानतळाची गाडी सोडली तर, लोकलने कुठेही जा, भाडं ५० सेंट. त्यामुळे एका स्टेशनवर उतरायचं, चार-पाच गाड्या जाऊ द्यायच्या, उजेड बदलला की पुढचं स्टेशन गाठायचं. ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे सूर्य. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, इथे ते उत्तरेकडून येतं. बडोद्यात मुरलेली सवय इथे पार उलटी करावी लागते, मार्गाच्या उत्तरेला उभं राहिलं तरच डब्यावर ऊन मिळतं. दुसरी म्हणजे गाडीच्या कपाळावरची पाटी. तिचे एलईडी दिवे सतत लुकलुकत असतात, ते आपल्या डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगाचं ठेवलं की गावाचं नाव अर्धंच उमटतं. म्हणून गाडी थांबत आली की शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास आणायचं, मग नाव पूर्ण येतं आणि उतरायला दाराशी उभ्या असलेल्या लोकांचे चेहरेही मिळतात. फ्लॅश मात्र कधीच नाही. समोर चालक असतो आणि त्याच्या डोळ्यांवर शेकडो माणसांचा भरवसा असतो.

पुलावरच्या गाडीचा मोह मला अजूनही सुटलेला नाही. साउथ ब्रिस्बेन आणि रोमा स्ट्रीट या स्टेशनांच्या मध्ये नदीवर मेरिव्हेल पूल आहे, १९७८चा, पांढऱ्या कमानीचा. सकाळी शेजारच्या विल्यम जॉली पुलाच्या पदपथावर उभं राहावं, ऊन पाठीशी असतं. पण मला त्या कमानीपेक्षा पुलावरचे रूळ जास्त आवडतात. गाडीतून जाताना बाजूच्या मार्गाकडे पाहा, तिथे दोनाऐवजी तीन रूळ दिसतील. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडच्या गाड्या साडेतीन फुटी गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतरावर, चालतात आणि सिडनीहून येणारी गाडी चार फूट साडेआठ इंचांवर. दोघींची सोय एकाच मार्गावर केलेली आहे. इथली पहिली रेल्वे ३१ जुलै १८६५ला इप्सविचहून सुटली. डोंगर ओलांडून मार्ग पुढे न्यायचा होता, खर्च आवाक्यात राहावा म्हणून अरुंद रूळ निवडले. आपल्या बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या राज्यात डभोई-मियागाम मार्ग त्याच्याही आधीचा, १८६२चा. अडीच फूट गेज आणि डबे ओढायला बैल! दोन्हीकडे अरुंद रूळ, आणि दीडशे वर्षांनी एकीकडची गाडी दुसरीकडे धावते आहे. इथल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते.

या गाड्यांची दुसरी बाजूही लिहायलाच हवी. गाड्या सुरू झाल्या तेव्हा व्हीलचेअरवरच्या प्रवाशांनी मोठा आक्षेप घेतला. स्वच्छतागृह आणि तिथपर्यंत जायची वाट, दोन्ही त्यांच्यासाठी अपुरं होतं. २०१८मध्ये निवृत्त न्यायाधीश मायकेल फोर्ड यांच्याकडे गाड्यांच्या खरेदीची चौकशी सोपवली गेली. मग क्वीन्सलंडमधल्याच मेरीबरो इथे गाड्यांमध्ये बदल झाले, दुसरं स्वच्छतागृह बसवलं. मामेभावाला हे सांगताना माझा जीव थोडा खालीवर झाला. तो म्हणाला, "बरं झालं ना, केलं ते. आता व्हीलचेअर चढताना दिसली तर काढ."

तशी दिसली. साउथ ब्रिस्बेनला एक बाई गाडीची वाट पाहत होत्या. मी फोटोचं विचारलं, कशासाठी तेही सांगितलं. "तुझ्या भावासाठी? मग दार नीट येऊ दे," म्हणाल्या. गाडी थांबली, दाराचे पाखे सरकले, कर्मचाऱ्याने घडीचा रॅम्प उलगडून उंबऱ्यावर टेकवला. पुढची छोटी चाकं रॅम्पच्या कडेवर क्षणभर अडली, बाईंनी हातांनी जोर दिला आणि त्या आत गेल्या. उंबरा, रबराची पट्टी, दाराची कड, सगळं स्पष्ट आलं आहे. मामेभावाने तो फोटो मोठा करून करून पाहिला आणि पट्टी अजून व्यवस्थित बसलेली आहे असं कळवलं. मामांनी त्याची प्रिंट काढून शेजारीपाजारी दाखवली.

इंदूरच्या वाचकांना एक विनंती. ३१ मे २०२५ला सुरू झालेल्या तुमच्या मेट्रोचे डबेही सावलीचेच आहेत. कधी फोटो काढलात तर माणसांसकट काढा, दार उघडं असताना, आणि मला पाठवा. मी ते बडोद्याला पोचवीन.