वास यायचा थांबला की पळायचं

गटारातला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाईड, ओळखणाऱ्या आमच्या सेन्सरची प्रयोगशाळेतली कामगिरी झकास होती. टिन ऑक्साईडचे दहा नॅनोमीटरच्या आसपासचे कण आणि त्यांवर कॉपर ऑक्साईडचा हलका शिडकावा. अॅल्युमिनाच्या पट्टीवर त्याचा पातळ थर, खाली प्लॅटिनमचा हीटर. हायड्रोजन सल्फाईडचा झोत सोडला की थराचा विजेला होणारा रोध धाडकन हजारपटीने खाली यायचा. तो आलेख मी परिषदेत दाखवला तेव्हा मागच्या रांगेतले लोकही मोबाईलमधून मान वर काढून बघत होते.

तत्त्व जुनंच आहे. तापलेल्या टिन ऑक्साईडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रोध चढतो. ज्वलनशील वायू आला की तो हा ऑक्सिजन संपवतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 मध्ये यावरच पेटंट मागितलं होतं. घरगुती गॅसगळतीचे अलार्म त्यातूनच आले. आमच्यात भर होती ती तांब्याची. कॉपर ऑक्साईडचं हायड्रोजन सल्फाईडमुळे कॉपर सल्फाईड होतं, ते जवळपास धातूसारखं वीज वाहतं, आणि कणाकणांमधला अडसर एकदम कोसळतो. त्या हजारपटीचं रहस्य हेच.

सर म्हणाले, सिलिंडरमधल्या वायूवर किती दिवस खेळणार? ओळखीतून एका शहराच्या ड्रेनेज विभागाची परवानगी मिळाली आणि उन्हाळ्यातल्या एका सकाळी मी लॅपटॉप, बारा व्होल्टची बॅटरी आणि सेन्सर बांधलेला लांब बांबू घेऊन पाण्याच्या जोरदार झोताने गटार साफ करणाऱ्या जेटिंगच्या गाडीमागे जाऊन उभी राहिले. सेन्सरच्या टोकावर स्टीलची दाट जाळी बसवली होती. खाली मिथेन असू शकतो. दोनशे अंशांवर तापलेलं टोक उघडं सोडायची माझी छाती नव्हती.

मुकादमांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी पहारीने झाकण सरकवलं आणि वाकून न बघता आधी दोन पावलं मागे झाले.

"झुरळं आहेत," ते म्हणाले. "म्हणजे वर हवा आहे."

"आणि खाली?"

"खालचं झुरळांना काय माहीत, मॅडम? आधी काडी पेटवून टाकायचे लोक. आमच्यातला एक त्यात भाजला. तेव्हापासून काडी बंद."

सोबत एक बाजारातलं मीटरही होतं, तुलनेसाठी. दोन्ही खाली सोडले. मीटर चार पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे चार भाग, दाखवत होता. आमचा रोध थोडासा उतरून स्थिरावला. आतली हवा ओलीचिंब असल्याने प्रतिसाद मंदावेल ही माझी भीती होती, तेवढी ती खरी ठरली नाही. मी खुशीत होते.

मग मामांनी गाळात लांब रॉड घालून ढवळलं. गाळात साठलेला वायू एकदम सुटला. मीटर किंचाळायला लागला, आकडा साठच्या वर गेला. आमचा आलेख तर थेट तळाला. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला, बघा म्हटलं.

मामांनी मान डोलावली. "वास येतोय तोवर ठीक. यायचा थांबला की पळायचं."

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं: शंभर पीपीएमच्या आसपास नाकाची जाणीवच बधिर होते, आणि माणसाला वाटतं वायू गेला. पण हे वाक्य ज्यांनी पुस्तक न वाचता शिकलंय, त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवता येत नाही. यंत्र अडकलं की मात्र काय होतं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

थोड्या वेळाने वारा खेळला, मीटरचा आकडा उतरत उतरत दोनवर आला. आमचा आलेख तळाशीच. बांबू वर काढला, मोकळ्या रस्त्यावर धरला, तरी तसाच. कॉपर सल्फाईड पुन्हा ऑक्साईड व्हायला वेळ लागतो, हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेत आम्ही कोरडी हवा सोडून चहाला जायचो, परत येईस्तोवर रेघ वर आलेली असायची. लेखांमध्येही प्रतिसादाचा आकडा ठळक अक्षरात असतो, पूर्ववत व्हायचा वेळ तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात.

मामा लॅपटॉपकडे बघत होते. "अजून गॅस दाखवतंय?"

"नाही, म्हणजे... त्याला सावरायला वेळ लागतो."

"मग खाली असलेल्या माणसाला पुन्हा गॅस सुटला हे कसं कळणार? हे तर आधीच आडवं झालेलं."

मी काहीतरी सांगायला लागले, हीटरला झटका दिला तर वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जेटिंगवाल्याला पाईप सोडायला सांगितलं.

परत येताना सरांना फोन केला. ते म्हणाले, प्रतिसाद थोडा कमी चालेल, तांबं कमी करून बघ. तेच केलं. शिवाय आता वाचन झालं की हीटर काही सेकंदांसाठी तीनशे अंशांच्या वर नेतो; सल्फाईड जळून पुन्हा ऑक्साईड होतं आणि सेन्सर पुढच्या झोताला मोकळा होतो. हजारपट गेली, शंभरपटही उरली नाही. आमच्या शोधनिबंधाच्या एका परीक्षकाने लिहून पाठवलंय की संवेदनशीलता आधीच्या कामापेक्षा घटलेली दिसते, कारण स्पष्ट करा. झटक्यादरम्यान सेन्सर आंधळा असतो, ही खरी अडचण त्यांच्या लक्षात आली नाही. त्यासाठी एका पट्टीवर दोन सेन्सर आळीपाळीने चालवायचं ठरलंय. वीज दुप्पट लागेल. खांद्याला अडकवण्याजोग्या बॅटरीत ते बसवणं हे सध्याचं काम.