उभी राहिलेली 944

रविवार, रात्री

‘दहा वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली’ असं विकणारा जाहिरातीत कौतुकाने लिहितो. गाडी पोर्शे 944, म्हणजे ती जुनी जर्मन स्पोर्ट्स कार, असेल तर हे वाचून आधी खिसा चाचपावा. चालत्या गाडीची दुखणी निदान ऐकू येतात. उभी गाडी काही बोलत नाही.

मोह पडतो तो किमतीचा. 1982 ते 1991 या काळातली ही गाडी नेकार्सुल्मला आउडीच्या कारखान्यात जुळत असे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या धुऱ्याशी. त्यामुळे वळणावर तोल सुरेख. पोर्शेच्याच नावाजलेल्या 911 च्या मानाने ती कायम स्वस्त राहिली. सुटे भाग आणि मजुरी मात्र पोर्शेच्याच भावाने. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे वॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. तो तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवणं आलं. शेजारी बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा, वेगळा बेल्ट आहे. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तरी परिणाम तोच. जाणकार मिस्त्री चार वर्षं किंवा साधारण 48,000 किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते धरतात. उभ्या गाडीत किलोमीटर वाढत नाहीत, रबर मात्र म्हातारं होतं. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग अडकलं की बेल्ट जातो, म्हणून पंप, रोलर आणि पुढची ऑइल सील्स त्याच वेळी बदलायची. ‘बेल्ट बदललाय’ या तोंडी आश्वासनाला किंमत नाही. तारीख असलेलं बिल हवं. नसेल तर बेल्ट जुना धरायचा आणि ती रक्कम किमतीतून वजा करायची.

त्यामुळे ‘बॅटरी जोडून बघू, सुरू होते का’ हा उत्साह आवरावा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, एक दिवस थांबायचं, मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) बोल्टला 24 चा सॉकेट लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. अडलं तर जोर करायचा नाही. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरच्या आत लोखंडी अस्तर (लायनर) नाही. भिंतीवर ओरखडा पडला तर दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजची नव्हे. विकणारा बेल्ट बदलण्याआधी स्टार्टर मारायला निघाला तर त्याला थांबवावं. थांबत नसेल तर आपण निघावं.

इंधनाच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. कडक, चिरलेल्या नळ्यांतून पेट्रोल थेट गरम इंजिनावर गळतं. या गाड्या पेटतात त्या याच कारणाने. इथे घासाघीस नाही, नळ्या बदलायच्याच.

कूलंटच्या टाकीत तपकिरी लोणी दिसलं की विकणाऱ्याचा चेहरा पडतो, घेणाराही हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं म्हणून परत फिरतो. इथे जरा थांबावं. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल तर दोष बहुधा ऑइल कूलरच्या सील्सचा. तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं. सील्स स्वस्त, कूलंटची वाट पुन्हा पुन्हा धुऊन तेल काढणं हेच खरं काम. अशा गाडीवर भाव चांगला पडतो. मला तर ती झाकून ठेवलेल्या चकचकीत गाडीपेक्षा बरी वाटते.

क्लच मात्र वाईट. गिअरबॉक्स मागे असल्याने आधी एग्झॉस्ट, मग गिअरबॉक्स उतरवून त्याला इंजिनाशी जोडणारी मधली लांब नळी मागे सरकवावी लागते. प्लेट महाग नाही, तास महाग. मूळ प्लेटच्या मध्यभागी रबर असतं, ते वयाने फाटतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना मागून ‘धप्प’ आवाज आला की समजायचं.

पत्रा जस्ताच्या मुलाम्याचा आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. पुढच्या मडगार्डच्या मागचं टोक आणि दाराखालचा पत्रा तपासावा; ब्रिटनमधल्या गाड्यांत रस्त्यावरच्या मिठाने तो कुजतो. साध्या 944 ची बॅटरी इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात असते. तिचा ट्रे अ‍ॅसिडने खाल्ला की पाणी थेट आतल्या गालिच्यात. वास घ्यावा, गालिचा उचलून हात फिरवावा.

944 ची 16 वॉल्व्हची आवृत्ती, एस किंवा एस2, असेल तर दोन कॅमशाफ्टमधल्या साखळीचा ताणणारा भागही उघडून पाहायला हवा. त्यावरचे प्लॅस्टिकचे पॅड झिजून तुटतात आणि पाठोपाठ कॅमशाफ्ट जातात.

मीटरवरचे किलोमीटर? त्यातलं प्लॅस्टिकचं गिअर तुटून आकडा वर्षानुवर्षं थांबलेला असतो. त्या आकड्यावर भाव सांगणाऱ्याकडे सर्व्हिसची बिलं मागावीत. आणि स्टार्टर फिरतोय पण इंजिन पेटत नाही म्हणून पडून असलेली गाडी समोर आली, तर आधी डीएमई रिले, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा छोटा स्विच, बदलून पाहावा. आतला डाख सुटतो एवढंच. पण त्या आधीही बेल्ट.