वाचनालयातला कार्यक्रम देवघेवीच्या टेबलापर्यंत

वडोदऱ्यात मराठी कार्यक्रमांचा तुटवडा कधीच नव्हता. सभागृह भरतं, पाहुण्यांचा सत्कार होतो, चहा होतो, आणि शेजारच्या दालनातलं मराठी पुस्तकांचं कपाट त्या दिवशीही कुणी उघडत नाही. तेवढंच करायचं असेल तर वाचनालय कशाला, एखादं मंगल कार्यालय चालेल. वाचनालयातल्या कार्यक्रमाची कसोटी एकच: त्या दिवशी देवघेवीच्या टेबलावरून किती पुस्तकं घरी गेली. ही कसोटी धरली की तारीख, वेळ, जागा, सगळंच वेगळं ठरवावं लागतं.

या गावाची परंपरा तशीच आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. तो 1913 पर्यंत इथे होता. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातल्या पोलादी मांडण्या आणि काचेच्या जमिनी बघायला लोक जातात. त्या काळच्या ग्रंथालय खात्याने मुलांसाठी आणि बायकांसाठी स्वतंत्र विभाग काढले, खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या, आणि अक्षरओळख नसलेल्यांना मॅजिक लँटर्नवर, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यावर, चित्रं दाखवणारी शाखाही चालवली. हे लोकांना सहसा माहीत नसतं. पेट्यांकडे शेवटी वळू.

आधी तारीख. नवरात्रीच्या नऊ संध्याकाळी या शहरात गरब्याशिवाय कुठलाच कार्यक्रम होत नाही, हे सांगायला नको. 14 आणि 15 जानेवारीला सगळे पतंग उडवायला गच्चीवर. गणपतीत मराठी घरं आपापल्या आरत्यांत गुंतलेली. मे महिन्यात मुलं मोकळी असतात, पण कथावाचन सकाळी साडेआठला लावावं, अकरानंतर आया मुलांना उन्हात काढत नाहीत. जुन्या शहरात चारचाकी आणू नका, हे निमंत्रणातच लिहावं. नाहीतर निम्मे लोक पार्किंग शोधण्यात पहिली 20 मिनिटं घालवतात आणि मग मागच्या रांगेत कुजबुजत बसतात.

परवानगीचं पत्र तीन-चार आठवडे आधी, दोन प्रतींत द्यावं आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पत्रात कार्यक्रमाचं नाव कमी महत्त्वाचं. किती माणसं, किती वाजता सुरू, किती वाजता जागा रिकामी, माइक आहे की नाही, आणि देवघेवीचं टेबल किती वेळ उघडं हवं, हे पाच मुद्दे स्पष्ट हवेत. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. कार्यक्रम सव्वासहाला संपतो, टेबल सहालाच बंद झालेलं असतं. म्हणून कार्यक्रम टेबल बंद व्हायच्या किमान 40 मिनिटं आधी संपवायचा. वक्ता लांबतोच, त्यामुळे वक्त्याला सांगायची वेळ आणखी 10 मिनिटं अलीकडची. पोस्टर मराठीत असलं तरी तारीख, वेळ आणि दालन गुजरातीतही छापावं. दारावरचा पहारेकरी ते वाचून लोकांना बरोबर जिन्याकडे धाडतो.

मुलांचं कथावाचन सोपं वाटतं आणि तिथेच जास्त फसतं. 4 ते 7 वर्षांची मुलं आणि 8 ते 11 ची मुलं एकत्र बसवू नयेत. लहानांना 25 मिनिटं पुरे, मोठ्यांना 40. एका सांगणाऱ्यामागे 25 मुलं, त्याहून जास्त आली तर दुसरी सतरंजी आणि दुसरा सांगणारा. सांगणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये: मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. चित्रांचं पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावं, आणि पान उलटल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत हलवू नये. वीतभर पुस्तक तिसऱ्या रांगेपलीकडे दिसतच नाही. असं पुस्तक असेल तर नुसतं सांगावं, दाखवायचा आग्रह धरू नये.

भाषेची गोष्ट इथे पुण्यासारखी नाही. इथली पुष्कळ मराठी मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीचं बोलणं त्यांना सगळं कळतं, पण मराठीचं पान समोर आलं की अडतात. गुजरातीत डोक्यावर रेघ नसते, आणि अ, ख, ज, झ यांची वळणं वेगळी. हिंदीमुळे देवनागरी ओळखीची झालेली असली तरी वेग येत नाही. अशा मुलाला चारचौघांत ‘वाच बरं’ म्हणायचं नाही. गोष्ट अर्धी सांगायची, उरलेली अर्धी मोठ्या ठशात, 18-20 पॉइंटमध्ये, एका कागदावर छापून घरी द्यायची. आणि ‘गुजराती शब्द नको’ अशी टोकाटोकी तर अजिबात नको. पोरं पुढच्या रविवारी येणारच नाहीत.

मोठ्यांसाठी अभिवाचन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं. ठाकठीक वाचणारा माणूस मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द वाचतो. छापील पानावर 300 शब्द धरले तर आठ पानांना वीस-बावीस मिनिटं लागतात. दोन उतारे, मध्ये थोडं बोलणं, की तास झाला. तालीम घड्याळ लावून, उभ्याने करावी. बसून वाचताना दम पुरतो असं वाटतं आणि नेमका स्टेजवर तुटतो. 40 माणसांपर्यंत माइक नकोच. उंच छताच्या जुन्या दालनात आवाज घुमतो, माइकने घुमणं वाढतं, आणि पंख्याचा वारा थेट माइकवर आला की खरखर होते. लोकांना दोन पावलं पुढे बसवणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

हक्कांचं एवढं ध्यानात ठेवावं: 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 खाली, छापून आलेल्या साहित्यातले मर्यादित उतारे लोकांसमोर वाचायला मुभा आहे. अख्खी कादंबरी वाचणं, नाटक उभं करणं, किंवा वाचनाचं चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणं त्यात बसत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. जिवंत लेखकाला एक पत्र टाकायला फारसा वेळ लागत नाही, बहुतेकजण आनंदाने हो म्हणतात.

आता पुस्तकं. दारापाशी, बाहेर जाण्याच्या वाटेवर, 40 पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करावीत. आडवी रचली की कुणी हात लावत नाही. ज्या पुस्तकातलं वाचलं त्याची प्रत बहुधा एकच असते आणि मागणारे बारा. म्हणून त्या टेबलावर एक वही ठेवून नाव आणि फोन नंबर क्रमाने लिहून घ्यायचा, आणि त्याच लेखकाची किंवा त्याच विषयाची आणखी चार-पाच पुस्तकं तिथेच मांडायची. सभासदत्वाचे फॉर्म, स्टेपलर, डिंक आणि दोन पेनं जवळ हवीत. फोटो, पत्त्याचा पुरावा आणि अनामत काय लागते ते ग्रंथालयातून विचारून निमंत्रणातच छापावं. ‘पुढच्या वेळी घेऊन येतो’ म्हणणारा सहसा येत नाही.

पेटीची कल्पना आजही चालते, विशेषतः सोसायट्यांत. बोर्डनच्या वेळच्या पेटीत साधारण 15 ते 30 पुस्तकं असत, आणि आकडा अगदी शहाणपणाचा होता. सरासरी 300 ग्रॅम धरले तर 30 पुस्तकं 9 किलो होतात, वर पत्र्याची पेटी. एक माणूस स्कूटरवर नेतो. 100 भरली की दोन माणसं आणि रिक्षा लागते, मग पेटी जिथे टाकली तिथेच राहते. ग्रंथालय गटाला पुस्तकं देत नसेल तर भेट आलेल्या पुस्तकांतून पेटी भरावी. यादीच्या तीन प्रती काढाव्यात: एक झाकणाच्या आत चिकटवलेली, एक सांभाळणाऱ्याकडे, एक आपल्याकडे. सहा आठवड्यांनी पेटी बदलावी. पावसाळ्यात तळाला प्लास्टिक घालावं आणि पेटी जमिनीवर नको, दोन विटांवर. सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते: पेटी ज्याच्या घरी जाते, त्याच्याच घरची होते. शेजारी पुस्तक मागायला बेल वाजवायला संकोचतात. म्हणून ती लिफ्टजवळ, वॉचमनच्या नजरेखाली ठेवावी आणि किल्ली वॉचमनकडे द्यावी. पुस्तक कोणी नेलं हे लिहिण्याची वही दोरीने पेटीला बांधावी. पेनसुद्धा बांधावं, नाहीतर ते आधी जातं.