पणजोबांच्या नोंदीपर्यंत पोहोचताना

आमच्या घराण्याची तोंडी वंशावळ आजोबांपाशीच संपत असे. मोहोळ तालुक्यातले गाव सोडून ते सोलापुरात गिरणीत कामाला लागले, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांची शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, असल्यामुळे सहज वाचता आली. परंतु पणजोबांच्या काळातील कागद मोडी या जुन्या मराठी लिपीत होते, आणि रीतसर अर्ज करून, शुल्क भरून मिळवलेली नक्कल हाती असूनही तिच्यातले अक्षर लागेना. मोबदला घेऊन मोडी वाचून देणारे जाणकार आहेत, तरीही आपल्या घरचा कागद आपल्यालाच वाचता यावा, या ओढीने मी सोलापुरात भरलेल्या एका मोडी वर्गात नाव घातले. राज्याचे पुराभिलेख संचालनालय असे अल्पमुदतीचे वर्ग वेळोवेळी घेते, तर पुण्यात 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची मोडीच्या अध्यापनाची परंपरा मोठी आहे.

मुळाक्षरे लवकर येतात. खरी कसोटी असते ती ओळ फोडण्याची. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळे कोणता शब्द कुठे संपला हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. आमच्या शिक्षकांनी यासाठी रोज एकाच लेखनिकाच्या हातचे कागद वाचायला दिले, आणि हा उपाय मला फार मोलाचा वाटतो, कारण एक हात ओळखीचा झाला की पुढचा हात निम्म्या वेळात लागतो. आमच्याबरोबर सोलापूरच्या पूर्व भागातले, विणकर पद्मशाली समाजाचे एक गृहस्थ होते. तेलंगणातून आलेल्या त्यांच्या घराण्याचे जुने कागद निजामाच्या अमलातले असल्यामुळे मोडीनंतर त्यांनी उर्दू शिकायला घेतले. सोलापूरकरांना ही अडचण नेहमीची आहे. अक्कलकोट 1948 पर्यंत संस्थान होते आणि शेजारचा धाराशिव जिल्हा निजामाकडे होता; तेव्हा आपले गाव त्या वेळी कोणाच्या अमलात होते, हे आधी पाहिल्याशिवाय कोणत्या कचेरीत जावे हेच कळत नाही.

कालगणना हा वर्गातला सर्वांत उपयोगी धडा ठरला. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो आणि फसलीत, म्हणजे महसुली सनात, 590. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन मात्र अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1176, आणि त्यात 599 मिळवले की 1775-76 हे साल निघते.

एवढी तयारी झाल्यावर मी पुन्हा गाव नमुना 14, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ती जन्ममृत्यूची नोंदवही, उघडली. तिच्यात बाळाचे नाव नव्हते. ‘मुलगा’ एवढाच उल्लेख होता. पण बापाचे नाव ‘अमुक बिन तमुक’ या रीतीने लिहिलेले असल्यामुळे त्या एकाच ओळीतून पणजोबांचे वडील आणि आजोबा असे दोघेही हाती लागले. ती ओळ स्वतः वाचताना झालेला आनंद मला अजूनही शब्दांत नीट मांडता येत नाही.

कागदाला जोड मिळाली ती हेळव्यांची. सीमाभागातल्या गावांत घराण्यांची वंशावळ वाचून दाखवणारे हे लोक सुगीनंतर येतात आणि मोबदल्यात धान्य घेतात. त्यांच्या वहीतली नावे मी नोंदींशी ताडून पाहिली. केवळ ऐकीव माहितीवर वंशवृक्ष उभा करू नये, असे माझे ठाम मत आहे. पंढरपुरातल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच पाहायला हव्यात, मात्र तिथे जाताना मूळ गाव, कुळ आणि आडनाव पक्के माहीत असावे.

या सर्व ठिकाणी बायकांची नावे फार क्वचित सापडतात. पणजीचे नाव मला शेवटी जमिनीच्या एका फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, वारस म्हणून मिळाले. त्यामुळे आता घराण्याची नवी वंशावळ लिहिताना लेकी आणि सुना, त्यांच्या माहेरच्या गावांसह, मी प्रत्येक पिढीत नोंदवीत आहे.