पोटात गोळा येतो, म्हणजे नक्की काय?

2017 च्या श्रावणातला एक सोमवार. संध्याकाळी उपवास सोडला आणि दोनेक तासांनी बेंबीच्या खाली उजव्या बाजूला अशी कळ आली की मी हातातले भांडे तसेच ओट्यावर ठेवून खाली बसले. पंधरा-वीस मिनिटांत ती ओसरली. उपवासानंतर जेवण जड झाले असावे, असे म्हणून सासूबाईंनी ओवा आणि पादेलोण दिले आणि विषय तिथेच संपला. पुढे दीड वर्ष तो अधूनमधून निघत राहिला. कधी आठवड्यातून दोनदा, तर कधी महिनाभर काहीच नाही, असे त्या दुखण्याचे वेळापत्रक होते. आणि त्या महिनाभराच्या शांततेमुळेच आम्ही सगळे फसत गेलो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षिका आहे. गावातल्या डॉक्टरांनी आधी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, मग जंताच्या. शेजारच्या आजींनी बेंबी सरकल्याचे निदान करून तीन सकाळी तेल लावून अंगठ्याने ती जागेवर बसवली. सोनोग्राफी झाली, ती स्वच्छ निघाली. सोलापूरला जाऊन तोंडातून नळी घालून एंडोस्कोपी केली, तीही स्वच्छ. ही नळी जठर आणि लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंतच पोहोचते, त्यापुढे लहान आतडे साधारण वीस फूट असते आणि माझे दुखणे त्याच्या दुसऱ्या टोकाला होते, हे मला फार नंतर कळले. त्या दिवशी मात्र ‘सगळे नॉर्मल आहे’ हे शब्द ऐकून आनंद होण्याऐवजी मला लाज वाटली. दुखते तर आहे, पण दाखवायला काही नाही.

याच सुमारास एका शब्दाने माझे मोठे नुकसान केले. काय होते, असे कोणी विचारले की मी सांगत असे, ‘पोटात गोळा येतो.’ आपल्याकडे भीती वाटली की पोटात गोळा येतो. त्यामुळे ऐकणारा प्रत्येक जण पुढचा प्रश्न विचारी तो घरच्या ताणाविषयी किंवा शाळेतल्या कामाविषयी. एका डॉक्टरांनी तर माझ्याऐवजी माझ्या यजमानांकडे पाहत ‘यांना जरा विश्रांती द्या’ असे सांगून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. ताण नव्हता असे मी म्हणणार नाही. पण मी सांगत होते तो गोळा भीतीचा नव्हता. तो हाताला लागत होता.

शेवटी मी मुलांच्या जुन्या वह्यांमधली कोरी पाने शिवून एक वही केली आणि रोज काय खाल्ले, किती वाजता, कळ कधी आली, किती वेळ टिकली हे लिहू लागले. दोन महिन्यांत त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. कळ कधीही रिकाम्या पोटी येत नव्हती. पोटभर जेवणानंतर दीड ते तीन तासांनी येत होती, आणि मेथी, कच्चे गाजर, पेरू असे चोथ्याचे काही खाल्ले असेल तर हमखास. नाचणीच्या पेजेवर काढलेले दिवस कोरे होते. सोनोग्राफी मात्र दर वेळी सकाळी उपाशीपोटी झाली होती, म्हणजे पोट जेव्हा सर्वांत शहाण्यासारखे वागते तेव्हा! दुसरी गोष्ट वजनाची. शाळेतल्या मुलांच्या वजनकाट्यावर मी 52 किलोवरून 44 वर आले होते. कळ येईल या धास्तीने जेवण कमी केल्याचा तो परिणाम आहे, अशी मी स्वतःचीच समजूत घातली होती. संध्याकाळी अंगात कसकस असे, तीही शाळेच्या दगदगीवर ढकलली होती.

फेब्रुवारी 2019 मध्ये एका डॉक्टरांनी अपेंडिक्स काढून टाकण्याचा सल्ला दिला, म्हणून आम्ही सोलापुरातल्या एका वयस्कर सर्जनकडे गेलो. त्यांनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि पाने पाहिली. मग म्हणाले, ‘बाई, गोळा येतो असं लिहिलंय. कुठून निघतो आणि कुठे जातो, ते बोटाने दाखवा.’ दीड वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी बेंबीपासून उजवीकडे खाली बोट नेले. त्यांनी बाहेर बसून डबा खायला सांगितला आणि दोन तासांनी पुन्हा आत बोलावले. मी टेबलावर पडले असतानाच गोळा उठला. त्यांच्या तळव्याखाली लिंबाएवढा उंचवटा आला, सरकला, गुडगुड झाली, आणि अरुंद तोंडाच्या तांब्यातून पाणी ओतावे तसा आवाज होऊन तो विरला. खोलीतल्या सिस्टरलाही तो आवाज ऐकू आला. ‘वाऱ्याचा गोळा,’ डॉक्टर म्हणाले. ‘आतडं पुढे अरुंद झालंय, मागचं जोर लावून ढकलतंय.’ मला रडू आले. वेदनेमुळे नव्हे, साक्षीदार मिळाला म्हणून.

पुढचे मात्र झटपट झाले नाही. सीटी स्कॅनमध्ये लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथली भिंत जाड झालेली दिसली. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून नळी घालून मोठे आतडे पाहणे. आदल्या रात्री दोन लिटर खारट पाणी पिण्याइतके वाईट त्या तपासणीत दुसरे काही नव्हते. तिथे व्रण सापडले, त्यांचे तुकडे तपासणीला गेले. डॉक्टर माझ्या यजमानांशी बोलताना ‘कॉक्स असावं’ म्हणाले. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये ज्या जंतूचा शोध जाहीर केला, त्या क्षयाला आपल्याकडचे डॉक्टर अजूनही रुग्णासमोर याच आडनावाने संबोधतात. मला खोकला नव्हता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता; आतड्याचा क्षय असा एकटाही असू शकतो, हे मला ठाऊकच नव्हते.

अहवालात गाठी दिसल्या, पण जंतू दिसले नाहीत. जंतूचा अंश शोधणारी सीबीनॅट चाचणी नकारात्मक आली, सहा आठवड्यांनी आलेला कल्चरचा, म्हणजे तुकड्यातून जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या चाचणीचा, अहवालही नकारात्मक. या जागी क्रोन्स नावाचा आजारही अगदी असाच दिसतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यावर स्टेरॉइड देतात. पण क्षय असताना ते दिले तर क्षय उसळतो. म्हणून कल्चरची वाट न पाहता आधी क्षयाचे औषध सुरू करायचे आणि व्रण भरतात का ते पाहायचे, असे ठरले. ‘खात्री नाही, पण या क्रमाने गेलो तर धोका कमी,’ हे त्यांचे वाक्य मला आधीच्या सगळ्या ‘नॉर्मल’पेक्षा जास्त धीर देऊन गेले.

वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या, सकाळी उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली, पण त्याची कल्पना आधीच दिलेली असल्याने घाबरले नाही. पहिले दोन महिने मळमळ फार होती. यकृताची तपासणी दोनदा झाली आणि डोळ्यांना रंग नीट दिसतात का, हे दर भेटीत विचारले जाई. सरकारी नोंद झाली, पोषणासाठी महिन्याला 500 रुपये खात्यावर येऊ लागले, आणि आशाताई घरी येऊन सगळ्यांची चौकशी करून गेल्या. पोटातला क्षय खोकल्यातून पसरत नाही, हे त्यांनी समजावल्यावरही सासूबाईंनी माझे ताट पंधरा दिवस वेगळे ठेवले. सोळाव्या दिवशी ते आपोआप मांडणीत परत गेले. त्यावर आम्ही दोघीही कधी बोललो नाही.

वजन 50 वर गेले तेव्हा चौथी गोळी वाढली. औषध वाढल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढ्याच वेळी झाला. ऑगस्टमध्ये सहा महिने पूर्ण झाले. पुन्हा कोलोनोस्कोपी केली, तेव्हा व्रण भरलेले होते; म्हणजे तो क्षयच होता. भरताना ती जागा थोडी आक्रसली आहे, त्यामुळे चोथ्याचे पदार्थ जपून खावे लागतात. मेथी शिजवून, बारीक चावून खाते. पेरू मात्र सोडला आहे.